टोरांटोच्या महापौरांची नामावली : क्रमांक आणि पद

राजवंशावळी, अधिकाऱ्यांच्या याद्या व शकावल्या यांवर इतिहासाच्या अभ्यासकाचें प्रेम असतें, आणि तें अस्थानीं नाहीं. परंतु या जातीच्या साधनांत एक फसवा गुण आहे. नांवाखालीं नांव व सालाखालीं साल मांडलें कीं त्या सर्वांनीं एकच पद भूषविलें असें वाचणारास वाटूं लागतें. पद तेंच राहिलें कीं केवळ पदाचा शब्द तोच राहिला, हा प्रश्न यादी स्वतः विचारीत नाहीं. तो आपणच विचारावा लागतो. याचें उदाहरण म्हणून कॅनडा देशांतील टोरांटो शहराच्या महापौरांची नामावली आम्हीं प्रस्तुत लेखांत तपासली आहे. ही नामावली 1834 सालीं सुरू होते, आणि 2023 सालीं निवडून आलेल्या ऑलिव्हिया चाऊ यांस तींत 66 वा क्रमांक दिला जातो. या क्रमांकांचा धागा एक असला तरी त्यांत ओंवलेलीं पदें एक नाहींत, असें आमचें म्हणणें आहे.

ऑंटारिओ सरोवराच्या काठीं लेफ्टनंट गव्हर्नर जॉन ग्रेव्ज सिमको यानें 1793 सालीं यॉर्क नांवाचें ठाणें वसविलें. ता. 6 मार्च 1834 रोजीं कायद्यानें त्यास नगराची सनद मिळाली व टोरांटो हें जुनें देशी नांव पुन्हां धारण करण्यांत आलें. वस्ती तेव्हां नऊ हजारांहून थोडी अधिक होती. नगराचे पांच विभाग करून प्रत्येकांतून दोन आल्डरमन व दोन कौन्सिलर निवडावे, आणि त्या वीस जणांनीं आपल्यांतूनच एकास महापौर करावें, अशी व्यवस्था ठरली. मुदत एका वर्षाची. हा महापौर सभेचा अध्यक्ष तर होताच, शिवाय नगराचा न्यायाधीशहि होता.

पहिला मान विल्यम लायन मॅकेंझी यास मिळाला. हा स्कॉटलंडचा मनुष्य. 1824 पासून सरकारपक्षावर झोड उठविणारें पत्र चालवी. 1826 सालीं प्रतिपक्षाच्या तरुणांनीं त्याच्या छापखान्यांतील खिळे उपसागरांत फेंकून दिले होते. असा हा सुधारणावादी न्यायासनावर बसला तेव्हां त्यानें एका स्त्रीस खोड्यांत अडकविण्याची शिक्षा फर्माविली. त्याच उन्हाळ्यांत शहरांत पटकीची सांथ आली. वर्ष सरतांच त्याच्या पक्षाचें बहुमत गेलें आणि 1835 सालीं रॉबर्ट बॉल्डविन सलिव्हन महापौर झाला.

यापुढच्या तीन ओळी नामावलींत अशा आहेत : 1836 थॉमस डेव्हिड मॉरिसन, 1837 जॉर्ज गर्नेट, 1838 ते 1840 जॉन पॉवेल. या शुष्क ओळींच्या आड काय दडलें आहे तें पाहावें. 1837 च्या डिसेंबरांत मॅकेंझीनें सशस्त्र बंड उभारलें, आणि ज्या नगराचा तो पहिला महापौर होता त्याच नगरावर तो चाल करून आला. ता. 4 च्या रात्रीं आल्डरमन पॉवेल टेहळणीस निघाला असतां बंडवाल्यांच्या हातीं सांपडला. त्यानें जवळ लपविलेलें पिस्तूल झाडून त्यांचा एक नायक अँथनी अँडरसन यास ठार केलें, मॅकेंझीवरहि चाप ओढला, पण तो बार उडाला नाहीं. पॉवेल निसटून शहरांत पोंचला व त्यानें गव्हर्नरास जागें केलें. ता. 7 रोजीं माँटगोमेरीच्या खाणावळीपाशीं बंडाचा मोड झाला. मॅकेंझी अमेरिकेंत पळून गेला. पुढील एप्रिलांत लाउंट व मॅथ्यूज हे दोघे फांशीं गेले. मॉरिसनवर राजद्रोहाचा खटला झाला. तो निर्दोष सुटला, परंतु देश सोडून गेला. आणि पॉवेल? तो लागलाच महापौर झाला. म्हणजे यादींतील पांचव्या नांवानें पहिल्या नांवाचा प्राण जवळजवळ घेतलाच होता! एक गोष्ट मात्र यादीकारांच्या पदरीं घातली पाहिजे : बंडखोर म्हणून मॅकेंझीचें नांव कोणीं खोडलें नाहीं. 1849 सालीं माफी मिळून तो परतला, पुन्हां विधिमंडळांत निवडून आला, आणि 1861 सालीं टोरांटोंतच वारला.

आतां निवडीच्या रीतीकडे वळूं. 1858 अखेरपर्यंत महापौर सभेनें निवडला. 1859 सालीं अ‍ॅडम विल्सन हा प्रथमच थेट लोकमतानें निवडून आला. 1867 ते 1873 या सात वर्षांत अधिकार पुन्हां सभेकडे गेला, आणि 1874 पासून तो कायमचा मतदारांकडे आला. जॉन जॉर्ज बोव्ज याचें नांव या भेदाचें मर्म सांगतें. 1851 ते 1853 तो सभेचा महापौर होता. त्या काळांत नगराच्या कर्जरोख्यांच्या गुप्त व्यवहारांत त्यानें व मंत्री फ्रान्सिस हिंक्स यानें मिळून सुमारें 10,000 पौंड नफा केला. नगरानें त्यावर फिर्याद केली, ती लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेली, आणि बोव्जला आपला वांटा नगरास परत करावा लागला. तोच बोव्ज 1861 ते 1863 लोकमतानें महापौर झाला. यादींत नांव एकच. पण पहिला अधिकार सहकाऱ्यांनीं दिलेला, दुसरा लोकांनीं दिलेला.

याच संधिकाळांतलें एक नांव आमच्या वाचकांस विशेष प्रिय वाटेल. 1858 च्या अखेरीस डेव्हिड ब्रेकनरिज रीड हा दोन महिन्यांहूनहि कमी काळ महापौर होता. पुढें त्यानें इतिहासलेखन हातीं घेतलें व 1837 च्या बंडावरील त्याचा ग्रंथ 1896 सालीं प्रसिद्ध झाला.

विसाव्या शतकांत नगराची व्याप्तीच बदलली. 1954 पासून टोरांटो व भोंवतालचीं गांवें मिळून तेरा संस्थांवर एक संयुक्त महानगरसभा आली व मोठीं कामें तिच्याकडे गेलीं. टोरांटोचा महापौर तेरांपैकीं एकाचा महापौर उरला. ता. 1 जानेवारी 1998 रोजीं तोंवर उरलेल्या सहाहि संस्था विसर्जित होऊन एकच नवी महानगरपालिका झाली. तिचे पहिले महापौर मेल लास्टमन हे 1973 पासून नॉर्थ यॉर्कचे महापौर होते. त्या गांवाची नामावली निराळी. तरी टोरांटोच्या यादींत त्यांस 62 वा क्रमांक मिळाला, जणूं कांहीं घडलेंच नाहीं. 1834 सालीं शहरानें टाकलेलें यॉर्क हें नांव शेजाऱ्यांनीं जपलें होतें. तें या विलीनीकरणानें पुन्हां शहराच्या पोटांत आलें, हाहि एक योगच.

अधिकाराची भरती-ओहोटी तर अगदीं अलीकडची आहे. 2013 च्या नोव्हेंबरांत सभेनें महापौर रॉब फोर्ड यांचे बहुतेक अधिकार काढून उपमहापौर नॉर्म केली यांस दिले. नांव व क्रमांक मात्र फोर्ड यांचेच राहिले. उलट 2022 सालीं प्रांतिक कायद्यानें महापौरास अंदाजपत्रक मांडण्याचा व कांहीं ठराव रोखण्याचा अधिकार मिळाला; तो रोध फिरवावयास सभेंत दोनतृतीयांश मतें लागतात.

कोणी म्हणेल, क्रमांक अखंड ठेवण्यांत वाईट काय? वाईट कांहींच नाहीं. आपण तेंच नगर आहों अशी नगरवासीयांची श्रद्धा त्यांतून दिसते, आणि श्रद्धा हेंहि एक साधनच आहे. मात्र अशा नामावलीची नक्कल करतांना नांव व साल यांशेजारीं आणखी तीन रकाने आंखावे : निवडणारे कोण, नगराची सीमा कोणती, आणि हातीं सत्ता कोणती. हे रकाने भरले म्हणजे 1834 चा खोड्याची शिक्षा देणारा महापौर आणि 2022 नंतरचा ठराव रोखणारा महापौर यांना एकाच शब्दानें संबोधण्याची चूक आपल्या हातून होणार नाहीं. आपल्या दप्तरांतील याद्यांनाहि हाच न्याय लावावा, इतकेंच आमचें मागणें आहे.