स्लीपिंग बॅग निवडताना : थंडीपेक्षा दव महत्त्वाचे

दिवाळी सरली की मुंबई, वसई-विरार आणि बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यातील भटक्यांची पावले पालघर जिल्ह्यातील गडकिल्ल्यांकडे वळतात. महामार्गालगतच्या खोडकोना गावाहून चढावा लागणारा अशेरीगड, पालघर-मनोर रस्त्यावरील वाघोबा खिंडीतून गाठायचा काळदुर्ग, वाघोटे गावामागचा कोहोज ही त्यांची नेहमीची ठिकाणे. मुक्कामाचा बेत ठरला की स्लीपिंग बॅगची खरेदी होते आणि नेमकी तेथेच गफलत होते. शून्याखालचा आकडा छापलेली बॅग अधिक चांगली, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात अशी बॅग कोकणातल्या रात्री घामाने भिजवते आणि सॅकमधले ओझे विनाकारण वाढवते.

येथील रात्र कशी असते?

डहाणू-तारापूरच्या किनाऱ्यावर जानेवारीतील सरासरी किमान तापमान १६ ते १७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. जव्हार-मोखाड्याच्या उंच भागात गारठा याहून अधिक जाणवतो. मात्र येथे खरी अडचण थंडीची नसून ओलाव्याची आहे. समुद्राकडून येणाऱ्या हवेत बाष्प भरपूर असते. आकाश निरभ्र असलेल्या रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि पहाटेपर्यंत गवतावर, तंबूवर व उघड्या अंथरुणावर दव साचते. ओली झालेली बॅग ऊब धरू शकत नाही. त्यामुळे १६ अंशांतही माणूस पहाटे कुडकुडतो.

लेबलवरचे तीन आकडे

स्लीपिंग बॅगच्या उबेचे मोजमाप ठरावीक पद्धतीने व्हावे, यासाठी युरोपात २००२ मध्ये ‘ईएन १३५३७’ हे मानक आले. २०१६ मध्ये त्याची जागा ‘आयएसओ २३५३७’ या मानकाने घेतली. या चाचणीत तापमान मोजणारा पुतळा बॅगेत झोपवला जातो. त्यावरून तीन मर्यादा ठरतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे सर्वसाधारण स्त्रीला सैलावून आरामात झोप लागेल ते तापमान. ‘लिमिट’ म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढू शकेल ते तापमान. ‘एक्स्ट्रीम’ हा आकडा केवळ जीव वाचण्यापुरता असून त्या तापमानात शरीर गारठण्याचा गंभीर धोका असतो.

अनेकदा वेष्टनावर ठळक अक्षरांत छापलेला आकडा हा सर्वांत खालचा असतो. खरेदी करताना ‘कम्फर्ट’चाच आकडा विचारावा. ज्या बॅगेवर एकच आकडा आहे आणि मानकाचा उल्लेख नाही, तिच्यावर फारसा विश्वास टाकू नये. लहान मुलांच्या बॅगांना हे मानक लागू होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

पालघर परिसरासाठी ‘कम्फर्ट’ १० ते १५ अंश असलेली बॅग पुरेशी ठरते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, कळसूबाईसारख्या शिखरांवर ऐन थंडीत जायचे असल्यास ५ अंशांच्या आसपासची बॅग घ्यावी. हिमालयातील एखाद्या मोहिमेसाठी जड बॅग विकत घेण्यापेक्षा ती भाड्याने घेणे शहाणपणाचे.

आत काय भरले आहे?

बॅगेत प्रामुख्याने दोन प्रकारचे भरण असते : बदक वा हंसाची मऊ पिसे, म्हणजेच ‘डाऊन’, किंवा पॉलिस्टरसारखे कृत्रिम तंतू. पिसांची बॅग वजनाला हलकी, लहानशा घडीत मावणारी आणि कोरड्या थंडीत अतिशय उबदार असते. परंतु पिसे भिजली की एकमेकांना चिकटतात, त्यांत अडकलेली हवा निघून जाते आणि ऊब संपते. ती सुकायलाही फार वेळ लागतो. कृत्रिम तंतू दमट झाले तरी बरीच ऊब टिकवतात, लवकर वाळतात आणि स्वस्तही पडतात. किनारपट्टीसाठी कृत्रिम भरणाचीच बॅग योग्य.

आकाराचाही विचार हवा. पायाकडे निमुळती होणारी ‘ममी’ बॅग कडाक्याच्या थंडीत उपयोगी. कोकणात मात्र तिचा कोंडमारा होतो. पूर्ण उघडून पांघरुणासारखी वापरता येणारी आयताकृती बॅग येथे सोयीची. चेन दोन्ही टोकांकडून उघडणारी असल्यास पाय मोकळे ठेवता येतात.

पाठीखालची जमीन

शरीराच्या भाराने बॅगेचा खालचा थर दबतो आणि त्यातील ऊब जवळजवळ नाहीशी होते. म्हणून कॅरीमॅट ही चैन नसून गरज आहे. अशेरीच्या गुहेतील कातळावर झोपताना महागड्या बॅगेपेक्षा साध्या फोमच्या मॅटचा उपयोग अधिक होतो. तिच्याखाली प्लास्टिकचा कागद अंथरल्यास जमिनीची ओल वर येत नाही.

जमिनीवर झोपण्यात आणखी एक धोका आहे. रात्री फिरणाऱ्या मण्यार सापाचा दंश पुष्कळदा झोपेत होतो आणि तो फारसा दुखतही नाही. विंचूही अंथरुणात शिरतात. त्यामुळे तळ शिवलेला, पूर्ण बंद होणारा तंबू वापरावा. बॅग झोपण्याच्या वेळीच उघडावी आणि आत शिरण्यापूर्वी झटकून घ्यावी. दंशाची नुसती शंका आली तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

निगा

बॅगेत तोंड खुपसून झोपू नये. श्वासातील बाष्पाने ती आतून दमट होते. जुनी मऊ सुती साडी दुमडून कडेने शिवली की उत्तम अस्तर तयार होते. ते घाम शोषते, सहज धुता येते आणि उकाडा वाटल्यास एकटेच पांघरताही येते. सकाळी बॅग उलटी करून उन्हात वाळवावी. घरी आल्यावर मात्र ती पिशवीत कोंबून ठेवू नये; सैल गुंडाळून किंवा टांगून ठेवावी. दाबून ठेवलेले भरण पुन्हा पूर्ववत फुगत नाही आणि पुढच्या हिवाळ्यात लेबलवरचा आकडा नावापुरताच उरतो.

दुकानात बॅग जमिनीवर पसरून, आत शिरून, चेन लावून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. खर्चाला मर्यादा असेल तर बॅग साधी घ्यावी; चांगली मॅट आणि दव अडवणारा तंबू यांत मात्र काटकसर करू नये.