हायड्राडेनायटिस सपुरेटिव्हा

हायड्राडेनायटिस सपुरेटिव्हा हा त्वचेतील केशकूपांचा दीर्घकाळ चालणारा दाहजन्य आजार आहे. काख, जांघ, नितंब, गुदद्वाराभोवतीचा भाग, स्तनांखालील घडी अशा, जिथे त्वचा त्वचेवर घासते त्या ठिकाणी यात वेदनादायक गाठी व गळवे पुन्हापुन्हा येतात. गळवे फुटून पू वाहतो, व्रण राहतात आणि आजार वाढल्यास त्वचेखाली एकमेकांना जोडलेले नासूर तयार होतात. काख हे या आजाराचे सर्वांत नेहमीचे स्थान आहे.

काखेतील गळवाला मराठीत काखमांजरी असा जुना शब्द आहे. मात्र प्रत्येक काखमांजरी म्हणजे हा आजार नव्हे. एकदा येऊन कायमचे बरे होणारे गळू सहसा जिवाणूंच्या संसर्गामुळे होते. त्याच जागी वारंवार येणारी गळवे ही निरनिराळी दुखणी नसून एकाच आजाराची लक्षणे असू शकतात. हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही आणि तो अस्वच्छतेमुळेही होत नाही.

नाव व इतिहास

आजाराचे नाव ग्रीक भाषेतील ‘घाम’ व ‘ग्रंथी’ या अर्थांच्या शब्दांना ‘पू होणारा’ या अर्थाचे लॅटिन विशेषण जोडून बनले आहे. फ्रेंच शल्यचिकित्सक आल्फ्रेद वेल्पो यांनी १८३९ मध्ये अशा गळवांचे वर्णन केले. पुढे १८५४ मध्ये आरिस्टिद व्हर्नॉय यांनी त्यांचा संबंध घामाच्या ग्रंथींशी जोडला. त्यामुळे ‘व्हर्नॉयचा आजार’ असेही त्याला म्हणतात. आजाराची सुरुवात घर्मग्रंथीत नव्हे, तर केशकूपात होते हे नंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाले. तरी जुने नाव कायम राहिले. ‘ॲक्ने इन्व्हर्सा’ हे त्याचे आणखी एक नाव आहे.

कारणे

केशकूपाचे तोंड केराटिन या प्रथिनाने बंद होते, कूप आतून फुगतो आणि त्वचेखाली फुटतो. बाहेर पडलेल्या द्रव्यामुळे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा प्रखर दाह निर्माण करते. पू दिसत असला तरी मूळ दोष संसर्गाचा नसून दाहाचा असतो. केवळ जंतू मारणारे औषध अनेकदा अपुरे पडते, याचे कारण हेच आहे.

आजाराची सुरुवात बहुधा वयात आल्यानंतर, विशेषतः विशीत होते. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या कुटुंबात हा आजार आढळतो. युरोप व उत्तर अमेरिकेत तो स्त्रियांमध्ये अधिक दिसतो, तर जपान व कोरियात पुरुषांमध्ये. धूम्रपान व स्थूलता यांचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे. मधुमेह, क्रोन्सचा आजार, सांध्यांचे दाहजन्य विकार आणि नैराश्य हेही या रुग्णांमध्ये तुलनेने जास्त आढळतात.

निदान

निदानासाठी रक्ताची कोणतीही खास चाचणी नाही. गळवांचे स्वरूप, त्यांची ठरावीक स्थाने आणि पुन्हापुन्हा उद्भवणे या तीन गोष्टींवरून निदान केले जाते. सहा महिन्यांत दोन किंवा अधिक वेळा अशी गळवे आल्यास या आजाराचा विचार करतात. प्रत्येक वेळी ‘साधे गळू’ समजून उपचार झाल्याने आणि रुग्ण संकोचाने दुखणे लपवीत असल्याने निदानाला अनेक वर्षांचा विलंब होतो. या काळात भरून न येणारे व्रण तयार होतात.

काखेतील लसिकाग्रंथींचा किंवा त्वचेचा क्षयरोग वरवर असाच दिसू शकतो. भारतात क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्याने शंका असल्यास पू किंवा ऊतींचा नमुना तपासून क्षयरोग नसल्याची खात्री केली जाते.

आजाराची तीव्रता हर्ली यांच्या वर्गीकरणानुसार ठरवतात:

• पहिली अवस्था: एक किंवा अनेक सुटी गळवे, नासूर व व्रण नाहीत.
• दुसरी अवस्था: वारंवार येणारी, एकमेकांपासून दूर असलेली गळवे, सोबत नासूर व व्रण.
• तिसरी अवस्था: संपूर्ण भागात पसरलेली गळवे आणि परस्परांना जोडलेले नासूर.

उपचार

आजार समूळ नाहीसा करणारे एकच औषध उपलब्ध नाही. मात्र अवस्थेनुसार योग्य उपचार केल्यास गळवे व वेदना पुष्कळ कमी करता येतात.

तात्कालिक आराम

कोमट पाण्याचा शेक, सैल सुती कपडे आणि पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके यांनी आराम पडतो. गळू दाबून फोडू नये. ठणकणाऱ्या एखाद्या गाठीत ट्रायॲमसिनोलोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास वेदना व सूज लवकर उतरते.

चीर देऊन पू काढल्याने असह्य ठणका थांबतो. परंतु केशकूपाचा रोगट भाग आतच राहत असल्याने गळू त्याच जागी बहुतेक वेळा परत येते. म्हणून हा तातडीचा उपाय मानला जातो, आजारावरील उपचार नव्हे.

लावायची व पोटात घ्यायची औषधे

सौम्य आजारात १ टक्का क्लिंडामायसिनचे द्रावण दिवसातून दोनदा लावतात. क्लोरहेक्सिडीन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड असलेल्या द्रवाने काख धुण्याचा सल्लाही दिला जातो. गळवे जास्त असल्यास डॉक्सिसायक्लिनसारखी टेट्रासायक्लिन वर्गातील प्रतिजैविके काही आठवडे देतात. ती जंतूंबरोबर दाहही कमी करतात. गर्भवती स्त्रियांना मात्र ती देत नाहीत.

याने भागले नाही तर क्लिंडामायसिन व रिफाम्पिसिन ही दोन औषधे एकत्रितपणे सुमारे १० ते १२ आठवडे दिली जातात. रिफाम्पिसिन हे क्षयरोगावरील प्रमुख औषध आहे. शरीरात क्षयरोग असताना त्याच्या पूर्ण उपचाराऐवजी हे औषध दिले गेल्यास क्षयाचे जंतू त्याला दाद देईनासे होण्याचा धोका असतो. त्यामुळे क्षयरोगाची तपासणी आधी करणे महत्त्वाचे ठरते. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव घटतो. क्लिंडामायसिन घेताना तीव्र जुलाब झाल्यास डॉक्टरांना त्वरित कळवावे लागते.

मासिक पाळीच्या सुमारास त्रास वाढणाऱ्या स्त्रियांना स्पायरोनोलॅक्टोन किंवा गर्भनिरोधक गोळ्या, तर मधुमेह किंवा बीजांडकोशाचा पीसीओएस हा विकार असल्यास मेटफॉर्मिन उपयोगी पडू शकते.

जैविक औषधे

मध्यम व तीव्र आजारात दाह घडवणाऱ्या विशिष्ट प्रथिनांना रोखणारी इंजेक्शने दिली जातात. टीएनएफ या प्रथिनाला रोखणारे ॲडालिमुमॅब हे या आजारासाठी मान्यता मिळालेले पहिले जैविक औषध होय (२०१५). २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत १२ आठवड्यांनंतर अनुक्रमे ४१.८ व ५८.९ टक्के रुग्णांच्या गाठी व गळवे निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटली. औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांत हे प्रमाण २६.० व २७.६ टक्के होते. इंटरल्युकिन-१७ या प्रथिनाला रोखणाऱ्या सेक्युकिनुमॅबला २०२३ मध्ये आणि बिमेकिझुमॅबला २०२४ मध्ये युरोप व अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली.

ही औषधे महाग असतात. ॲडालिमुमॅबचे जैवसदृश औषध भारतात २०१४ मध्ये झायडस कॅडिला या कंपनीने बाजारात आणले. टीएनएफ रोखल्याने शरीरात सुप्त असलेला क्षयरोग उफाळू शकतो. म्हणून उपचारापूर्वी क्षयरोग व हिपॅटायटिस-बी यांच्या तपासण्या करतात.

शस्त्रक्रिया

नासूर व व्रण तयार झाल्यावर औषधांनी ते नाहीसे होत नाहीत. तेव्हा शस्त्रक्रियेची गरज भासते.

• छत उघडणे: जागा बधिर करून नासुरात शलाका घालतात, त्यावरील त्वचेचे ‘छत’ कापून काढतात, तळ खरवडतात आणि जखम उघडी ठेवून आतून भरू देतात. मोजक्या, ठरावीक जागी होणाऱ्या गळवांसाठी ही पद्धत सोयीची आहे.
• विस्तृत छेदन: आजारग्रस्त संपूर्ण त्वचा काढून टाकतात. जखम आपोआप भरू देतात किंवा त्वचारोपण करतात. त्या जागी आजार परतण्याची शक्यता यात कमी असते. मात्र बरे होण्यास कित्येक आठवडे लागतात. खांदा आखडू नये म्हणून हाताचे व्यायाम आवश्यक असतात.
• लेझर: कार्बन डायऑक्साइड लेझरने रोगट भाग काढता येतो. केस नष्ट करणाऱ्या एनडी-याग लेझरमुळे नवी गळवे कमी होतात.

अनेक रुग्णांना औषधे व शस्त्रक्रिया यांची सांगड घालावी लागते.

गुंतागुंत

दीर्घकाळ उपचार न झाल्यास व्रणांमुळे हात वर करणे अवघड होते. जुन्या व्रणांत, विशेषतः नितंब व गुदद्वाराजवळ, क्वचित त्वचेचा कर्करोग उद्भवतो. ताप, थंडी किंवा झपाट्याने पसरणारी लाली ही गंभीर संसर्गाची चिन्हे असून त्यांवर तातडीने उपचार करावे लागतात.

दैनंदिन काळजी

धूम्रपान सोडणे व वजन आटोक्यात ठेवणे हे उपचाराचेच भाग मानले जातात. वस्तऱ्याने काख साफ करणे आणि घट्ट कपडे यांनी त्रास वाढत असल्यास ते टाळावेत. वेदना, वास व डागांच्या भीतीने अनेक रुग्ण शाळा, नोकरी, प्रवास व विवाह यांपासून दूर राहतात. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ व शल्यचिकित्सक यांच्याबरोबर मानसिक आरोग्यासाठीचे साहाय्यही उपचारात समाविष्ट केले जाते.