पेबल: आधी पैसे, मग घड्याळ

स्मार्टवॉचचा इतिहास म्हटला की सगळे ॲपलपासून सुरुवात करतात. मी पेबलपासून करतो. एरिक मिगिकोव्हस्की हा कॅनडाचा विद्यार्थी, काही काळ नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला होता. तिथे सगळीकडे सायकल! खिशातला फोन वाजला तर हँडल सोडून बघायचं कसं? या अडचणीतून घड्याळाची कल्पना निघाली. पहिलं घड्याळ 'इनपल्स', ब्लॅकबेरीसाठी. ते फारसं चाललं नाही.

पुढच्या घड्याळाला, म्हणजे पेबलला, गुंतवणूकदार मिळेनात. म्हणून एप्रिल २०१२मध्ये त्यानं किकस्टार्टरवर थेट लोकांकडेच १ लाख डॉलर मागितले. दोन तासांत जमले! महिनाभरात ६८,९२९ जणांनी १ कोटी २ लाखांवर डॉलर दिले. कशासाठी? उन्हात वाचता येईल असा काळा-पांढरा पडदा आणि आठवडाभर टिकणारी बॅटरी. बस्स. माझ्या मते खरी हुशारी इथेच होती.

पण एवढी घड्याळं बनवता बनवता सप्टेंबरचा वायदा जानेवारी २०१३वर गेला. २०१५मध्ये ॲपल वॉच बाजारात आलं. डिसेंबर २०१६मध्ये पेबल बंद, सॉफ्टवेअर फिटबिटकडे. जून २०१८मध्ये सर्व्हरही थांबले. आता मनगटावरचं घड्याळ तर धडधाकट, पण त्याचं ॲप स्टोअर, हवामान, बोलून उत्तर देणं, सगळं त्या सर्व्हरच्या भरवशावर. मग करायचं काय? वापरणाऱ्यांनीच 'रेबल' नावानं पर्यायी सेवा उभी केली. तोवर चालू राहिलेल्या या घड्याळांचा बराचसा सोर्स कोड गूगलनं (फिटबिट एव्हाना त्यांचीच झाली होती) जानेवारी २०२५मध्ये खुला केला, आणि मिगिकोव्हस्की पुन्हा घड्याळं बनवायला बसला.