शब्दवेध : कोण आणि जो

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीबोलीत 'कोण'चा 'कोन' होतो. शेवटचा 'ण' गेला, पण आधीचा 'क' हजारो वर्षांचा आहे. संस्कृत 'कः', लॅटिन 'क्विस', फ्रेंच 'की' हे सगळे एकाच मुळाचे. फ्रेंच 'की' प्रश्न विचारतो आणि वाक्येही जोडतो. लॅटिनमध्येही दोन्ही कामे याच मुळातल्या रूपांकडे. मराठीने मात्र जोडण्यासाठी संस्कृत 'यः'पासून आलेला 'जो' वेगळा जपला. 'कोण आला?' विचारायचे, 'जो आला तो' सांगायचे. 'जो-तो'ची ही जोडी मराठीचे वैभव आहे. म्हणून 'तो माणूस जो काल आला' असे इंग्रजी वळणाने लिहू नका. 'जो माणूस काल आला, तो' असेच लिहा.