जुन्या संगणकावरील ड्युअल बूट

ड्युअल बूट म्हणजे एकाच संगणकावर दोन संचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टम) स्थापित करून, संगणक सुरू करताना त्यांपैकी एकीची निवड करण्याची व्यवस्था होय. दोन्ही प्रणाली डिस्कच्या स्वतंत्र भागांत राहतात व एका वेळी एकच कार्यरत असते. घरगुती व शालेय संगणकांवर बहुधा मायक्रोसॉफ्ट विंडोज आधीपासून असते आणि दुसरी प्रणाली म्हणून लिनक्सचे एखादे वितरण निवडले जाते. जुन्या संगणकावर या स्थापनेत येणाऱ्या अडचणी प्रामुख्याने तीन ठिकाणी उद्भवतात: मदरबोर्डवरील बायोस, डिस्कवरील पार्टिशनचा तक्ता आणि बूटलोडर. संगणक यांपैकी कोणत्या टप्प्यावर अडला हे ओळखता आल्यास साठवलेली माहिती न गमावता दुरुस्ती करणे बहुतेक वेळा शक्य असते. ते न ओळखता घाईने पुन्हा स्थापना केल्यास छायाचित्रे, कागदपत्रे व हिशेब कायमचे नष्ट होण्याचा धोका असतो.

पार्श्वभूमी

लिनस तोरवाल्द्स यांनी १९९१ साली लिनक्सची घोषणा केली. भारतात इंटरनेटचा वेग मर्यादित होता त्या काळात लिनक्सचा प्रसार मुख्यतः सीडींद्वारे झाला. 'पीसीक्वेस्ट' व 'लिनक्स फॉर यू' या इंग्रजी मासिकांसोबत लिनक्सच्या सीडी मिळत असत. कॅनॉनिकल या कंपनीच्या 'शिपइट' योजनेतून २०११ पर्यंत उबुंटूच्या सीडी टपालाने विनामूल्य पाठवल्या जात. प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) डेबियनवर आधारित 'बॉस' हे भारतीय वितरण २००७ साली प्रसिद्ध केले. त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे.

महाराष्ट्रात संगणक-साक्षरतेचा पाया मात्र विंडोजवर घातला गेला. २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमात विंडोज व मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांचे शिक्षण दिले जाते. विंडोज एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा व तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक असल्याने अनेक सुस्थितीतील संगणक तिच्या कक्षेबाहेर राहिले. अशा संगणकावर इंटरनेटच्या कामासाठी लिनक्स आणि जुन्या आज्ञावलींसाठी विंडोज ठेवणे, हे ड्युअल बूटचे एक प्रमुख प्रयोजन आहे.

संगणक सुरू होण्याचे टप्पे

वीज सुरू होताच मदरबोर्डवरील बायोस जागृत होते व संगणकाचे भाग तपासते. नंतर ते डिस्कच्या पहिल्या खंडातील (सेक्टर) ५१२ बाइट वाचते. या खंडास 'मास्टर बूट रेकॉर्ड' (एमबीआर) म्हणतात. त्यातील ६४ बाइटांत पार्टिशनचा तक्ता असतो व त्यात केवळ चार मुख्य पार्टिशनच्या नोंदी मावतात. उरलेल्या भागातील लहानशी आज्ञावली बूटलोडरला पाचारण करते आणि बूटलोडर निवडलेली संचालन प्रणाली स्मृतीत आणतो. विंडोज एक्सपीत 'एनटीएलडीआर', विंडोज व्हिस्टापासून 'विंडोज बूट मॅनेजर' आणि बहुतेक लिनक्स वितरणांत 'ग्रब' हा बूटलोडर वापरला जातो.

विंडोज ८ च्या काळापासून बायोसची जागा सर्रास 'यूईएफआय'ने आणि एमबीआरची जागा 'जीपीटी' या पार्टिशन-पद्धतीने घेतली. संक्रमणकाळातील संगणकांत दोन्ही पद्धतींची सोय असते. विंडोज ज्या पद्धतीने स्थापित झाली असेल त्याच पद्धतीने लिनक्सचीही स्थापना करावी लागते. अन्यथा निवड-यादीतून दुसरी प्रणाली सुरू होत नाही.

पूर्वतयारी

माहितीची प्रत: सर्व महत्त्वाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून त्या उघडतात याची खात्री करणे ही पहिली पायरी होय. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर ठेवलेली प्रत सुरक्षित मानता येत नाही.

डिस्कची तपासणी: जुन्या डिस्कमध्ये खराब खंड असू शकतात. पार्टिशनचा आकार बदलताना मोठ्या प्रमाणावर माहिती हलवावी लागू शकते व दुबळी डिस्क त्याच वेळी निकामी होऊ शकते. 'स्मार्ट' या अंतर्गत नोंदींवरून डिस्कच्या प्रकृतीचा अंदाज येतो.

वितरणाची निवड: प्रोसेसर ३२ बिटचा की ६४ बिटचा हे आधी पाहावे लागते. उबुंटूने १७.१० या आवृत्तीपासून (२०१७) ३२ बिट डेस्कटॉपची प्रतिमा देणे थांबवले. डेबियन १३ मध्येही (२०२५) ३२ बिट इंटेल संगणकांसाठी स्थापना-प्रतिमा नाही. स्मृती कमी असल्यास एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हे हलके डेस्कटॉप सोयीचे ठरतात.

विंडोजमधील कामे: उतरवलेल्या प्रतिमेची पडताळणी-संख्या जुळवणे, विंडोज ८ किंवा पुढील आवृत्तीतील 'फास्ट स्टार्टअप' बंद करणे आणि बिटलॉकर सुरू असल्यास त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर लिहून ठेवणे आवश्यक असते. व्हिस्टापासून विंडोजचे पार्टिशन विंडोजच्याच डिस्क-व्यवस्थापन सुविधेने लहान करता येते. एक्सपीत ही सोय नसल्याने 'जीपार्टेड' हे साधन वापरले जाते.

विजेची शाश्वती: पार्टिशन लहान होत असताना वीज गेल्यास फाइल-रचना बिघडू शकते. म्हणून डेस्कटॉपला यूपीएस जोडणे व लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली ठेवणे हितावह असते.

स्थापनेचा क्रम

सामान्यतः विंडोज आधी व लिनक्स नंतर स्थापित करतात. एमबीआर पद्धतीत विंडोजची स्थापना पहिल्या खंडातील आज्ञावली बदलून स्वतःची लिहिते आणि लिनक्सची नोंद घेत नाही. याउलट ग्रब विंडोजचा शोध घेऊन तिला निवड-यादीत स्थान देऊ शकतो. लिनक्सच्या स्थापनेत 'संपूर्ण डिस्क पुसून स्थापना' असा एक पर्याय येतो. तो निवडल्यास विंडोजसह सर्व माहिती जाते. त्यामुळे रिकाम्या जागेत किंवा स्वतः ठरवलेल्या पार्टिशनवर स्थापना करण्याचा पर्यायच घ्यावा लागतो.

नेहमीच्या अडचणी व उपाय

पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू न होणे: बायोसमधील क्रम बदलूनही पेन ड्राइव्ह दिसत नसेल, तर त्या बायोसमध्ये यूएसबीवरून सुरू होण्याची सोय नसण्याची शक्यता असते. अशा वेळी सीडी किंवा डीव्हीडी वापरतात.

डिस्क न दिसणे: काही संगणकांत बायोसमधील साटा नियंत्रक 'रेड' पद्धतीवर ठेवलेला असतो व लिनक्सला डिस्क दिसत नाही. तो 'एएचसीआय' करावा लागतो. मात्र विंडोजला आधी त्यासाठी तयार न केल्यास ती निळा पडदा दाखवून थांबते.

रिकामी जागा वापरता न येणे: निर्मात्याने दिलेली पुनर्प्राप्ती-पार्टिशने धरून चारही नोंदी भरलेल्या असल्यास उरलेली जागा 'निरुपयोगी' दाखवली जाते. माहितीची प्रत घेऊन एक मुख्य पार्टिशन काढणे व त्याजागी विस्तारित पार्टिशन करून त्यात उपविभाग पाडणे हा त्यावरील उपाय आहे.

काळा पडदा: ग्रबची यादी दिसते, पण पुढे पडदा काळा राहतो, तेव्हा दोष सहसा चित्र-प्रणालीच्या चालकात (ड्रायव्हर) असतो. यादीतूनच साध्या चित्र-पद्धतीने एकदा सुरुवात करून योग्य चालक बसवता येतो. येथे पुन्हा स्थापना करण्याचे कारण नसते.

फक्त विंडोज किंवा फक्त लिनक्स सुरू होणे: विंडोज पुन्हा स्थापित केल्यावर ग्रब नाहीसा होतो, लिनक्स मात्र डिस्कवर शाबूत असते. पेन ड्राइव्हवरून लिनक्स तात्पुरती सुरू करून ग्रब पुन्हा बसवता येतो. उलट यादीत विंडोज दिसत नसेल, तर २०२१ मधील ग्रब २.०६ पासून इतर प्रणालींचा शोध मूलतः बंद ठेवला आहे हे लक्षात घ्यावे लागते. तो सुरू करून यादी नव्याने तयार करतात.

'ग्रब रेस्क्यू' असा संदेश: विंडोजमधून लिनक्सचे पार्टिशन काढून टाकल्यावर हा संदेश हमखास येतो. ग्रबचा आरंभीचा अंश डिस्कच्या सुरुवातीला, तर उर्वरित फायली लिनक्सच्या पार्टिशनमध्ये असतात. त्या गेल्याने तो मध्येच थांबतो. विंडोजच्या स्थापना-डिस्कवरील दुरुस्ती-सुविधेने तिचा बूटलोडर पूर्ववत होतो. लिनक्स काढायची असल्यास आधी विंडोजचा बूटलोडर बसवून मगच पार्टिशन काढणे हा योग्य क्रम होय.

अद्ययावतीकरणानंतर लिनक्स सुरू न होणे: २८ बिट पत्ते वापरणाऱ्या फार जुन्या बायोसला डिस्कचा सुमारे १३७ गिगाबाइटपुढील भाग वाचता येत नाही. नवा कर्नेल त्या मर्यादेपलीकडे लिहिला गेल्यास तोवर नीट चालणारी प्रणाली अचानक अडते. डिस्कच्या आरंभी बूटसाठी वेगळे लहान पार्टिशन ठेवल्यास ही अडचण टळते.

विंडोजच्या फायली केवळ वाचता येणे: फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट निद्रावस्थेत राहते. म्हणून लिनक्स त्या पार्टिशनवर लिहिण्यास नकार देते. हा दोष नसून माहितीचे संरक्षण आहे.

घड्याळातील फरक: लिनक्स संगणकाच्या अंतर्गत घड्याळात जागतिक प्रमाणवेळ लिहिते, तर विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. त्यामुळे भंडाऱ्यात सकाळचे ११ वाजले असता विंडोजमध्ये पहाटेचे ५.३० दिसतात. लिनक्समध्ये अंतर्गत घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवल्यास हा फरक नाहीसा होतो. फरक नेमका साडेपाच तासांचा नसून तारीखच जुनी दिसत असेल, तर मदरबोर्डवरील नाणेवजा बॅटरी संपलेली असू शकते.

मराठी मजकुरासंबंधी बाबी

युनिकोडमधील मराठी मजकूर दोन्ही प्रणालींत सारखाच दिसतो. रेड हॅटने उपलब्ध करून दिलेला 'लोहित देवनागरी' हा मुक्त फॉन्ट व 'इनस्क्रिप्ट' हा कळफलक लिनक्समध्ये वापरता येतो. परंतु श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमधील दस्तऐवज लिनक्समध्ये उघडल्यास रोमन अक्षरे व चिन्हे यांचा अर्थहीन समूह दिसतो. मजकूर बिघडलेला नसतो. केवळ संबंधित फॉन्ट उपलब्ध नसतो. अशा फायली निकामी समजून पुसू नयेत. विंडोज चालू आहे तोवर त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घेणे, हा त्या टिकवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

पर्याय

डेस्कटॉपमध्ये दुसरी डिस्क बसवून, पहिलीची जोडणी काढून ठेवून त्यावर लिनक्स स्थापित करणे अधिक सुरक्षित असते. कोणती प्रणाली हवी ते बायोसच्या यादीतून ठरवता येते. केवळ ओळख करून घ्यायची असल्यास पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवता येते व डिस्कला हात लावावा लागत नाही. आभासी यंत्राद्वारे दोन्ही प्रणाली एकाच वेळी चालतात, मात्र त्यास बरीच स्मृती लागत असल्याने जुन्या संगणकास हा पर्याय क्वचितच मानवतो.

हेही पहा

संचालन प्रणाली
लिनक्स
बॉस लिनक्स
युनिकोड
इनस्क्रिप्ट