गाण्याचे माप : केसकरांची आकाशवाणी आणि वस्तुनिष्ठतेचा प्रश्न

लोकप्रिय संगीत वस्तुनिष्ठपणे चांगले किंवा वाईट ठरवता येते काय, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या वर्गात बहुधा अमूर्त पातळीवरच चर्चिला जातो. स्वतंत्र भारताने मात्र एकदा या प्रश्नाचे उत्तर सरकारी धोरण म्हणून अमलात आणून पाहिले. त्या प्रयोगाचा इतिहास तपासला तर मूळ प्रश्नही थोडा स्पष्ट होतो, असे आम्हांस वाटते.

मूळचे पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. ते शास्त्रोक्त संगीताचे जाणकार होते. चित्रपटगीतांतील शब्दांचा सवंगपणा, पाश्चात्य वाद्यमेळ आणि उसन्या चाली यांमुळे लोकांची अभिरुची बिघडते, अशी त्यांची धारणा होती. त्याच मंत्रिमंडळात कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातून निवडून आलेले, बालपण रोह्यात घालवलेले चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते. रिझर्व्ह बँकेच्या या पहिल्या भारतीय गव्हर्नरांच्या खात्याजवळ महसूल आणि तूट मोजण्याची मापे होती. केसकरांच्या खात्याजवळ गाणे मोजण्याचे कोणते माप होते?

धोरणाचे परिणाम लवकरच दिसू लागले. चित्रपटगीतांच्या वेळेवर मर्यादा आली, गाण्यांची चाळणी सुरू झाली, आणि चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात होय असे मानून ते वगळले जाऊ लागले. निर्मात्यांनी प्रसारणाचे परवाने काढून घेतले आणि चित्रपटगीत आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५२ च्या अखेरीस तेथे सुरू झालेली अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ घरोघरी पोहोचली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून आकाशवाणीने या गाण्यांना पुन्हा दार उघडले.

यावरून ‘लोकांनी निवडले, म्हणून ते चांगले’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. आम्ही तो काढणार नाही. सिलोनच्या यशाने चित्रपटगीतांची मागणी सिद्ध झाली. गुणवत्ता सिद्ध झाली नाही. केसकरांची चूक वेगळीच होती. गाण्यांत बरेवाईट असते, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. मात्र एका परंपरेचे माप त्यांनी सर्व संगीताचे माप मानले आणि कृतीऐवजी तिच्या जातीचा न्याय केला.

या न्यायातील विसंगती खुद्द आकाशवाणीनेच उघड केली. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ प्रसारित होऊ लागले. वर्षभरात छप्पन्न गीते झाली. त्याचे कवी ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार-गायक सुधीर फडके हे दोघेही चित्रपटसृष्टीतले नाणावलेले कलावंत. कथेतील प्रसंग ओळखून शब्द लिहिणे, त्या शब्दांना शोभेल अशी सोपी पण रागाशी इमान राखणारी चाल बांधणे, मोजक्या मिनिटांत भाव पुरा करणे, ही कसबे त्यांनी चित्रपटगीतांतही घोटली होती. एका दाराने अडवलेले कसब दुसऱ्या दाराने सन्मानाने आत आले.

नाट्यसंगीताचा इतिहासही हेच सांगतो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’ने (१८८२) साकी, दिंडी, लावणी अशा लोकांच्या कानांत बसलेल्या चाली घेतल्या. पुढे गोविंदराव टेंब्यांचे ‘मानापमान’ (१९११) आणि भास्करबुवा बखल्यांचे ‘स्वयंवर’ (१९१६) यांनी रागदारी रंगभूमीवर आणली. काल जे रंजन होते ते आज अभिजात म्हणून मैफलीत गायले जाते.

मग सारेच सापेक्ष आहे काय? तसेही नाही. केसकर मंत्री असतानाच आकाशवाणीचे एक अधिकारी बा. सी. मर्ढेकर यांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) प्रसिद्ध झाले. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी कलाकृतीची घटना तपासावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचा सिद्धान्त संपूर्ण मान्य नसला, तरी त्यातील एक गोष्ट आम्हांस मोलाची वाटते : माप कृतीच्या अंतर्गत संबंधांत शोधायचे, तिच्या कुळात नव्हे.

याचे उदाहरण रोहा परिसरात, कोकणाच्या या भागात, आजही सापडेल. गणेशोत्सवात पायांत चाळ बांधून बाल्या नाचणारे फेर धरतात. शक्तीवाले आणि तुरेवाले सवाल-जवाबात एकमेकांना भिडतात. चाल कित्येकदा चित्रपटातून उचललेली असते. जमलेले गावकरी चालीचे कुळ विचारत नाहीत. शब्द चालीत बसले काय, पावले मृदंगावर एकत्र पडली काय, सवालाला नेमका जवाब मिळाला काय, हे ते पाहतात. आणि फसलेल्या जवाबाला फसलेलाच म्हणतात. हे निर्णय लहरी नसतात. त्यांना कारणे असतात, ती दुसऱ्याला दाखवता येतात, आणि त्यांवर वादही घालता येतो.

आमच्या मते लोकप्रिय संगीतात शक्य असलेली वस्तुनिष्ठता ती हीच. ‘हे गाणे वाईट’ असे म्हणण्याचा अधिकार समीक्षकाला जरूर आहे, पण त्याने आधी ते गाणे काय करू पाहते हे ऐकले पाहिजे आणि मग ते कोठे फसले हे दाखवले पाहिजे. ‘असली गाणी वाईट’ हे विधान मात्र समीक्षा नव्हे, फर्मान होय. आणि फर्मानाने अभिरुची घडत नाही, हे १९५२ ते १९५७ या पाच वर्षांनी दाखवून दिले आहे.