पंखावरचे वर्तुळ

वसई तालुक्यातील गास हे गाव प्राचीन शूर्पारकाच्या, म्हणजेच आजच्या सोपाऱ्याच्या, शेजारी वसलेले आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सोपाऱ्याची पांढरी आणि मध्ये फुलांच्या व केळींच्या वाड्या, असा हा प्रदेश. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे सम्राट अशोकाच्या आठव्या लेखाचा एक तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली जवळच्याच भुईगावी नवव्या लेखाचा तुकडा हाती आला. पूर्वीचे राजे मृगयेसाठी व करमणुकीसाठी यात्रा करीत. आपण मात्र धर्मयात्रा आरंभिल्या, त्यांत वृद्धांची व खेड्यांतील लोकांची भेट घेतली, असा आठव्या लेखाचा आशय आहे.

या दगडांचा आणि दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानाचा संबंध काय, असा प्रश्न सहजच उद्भवेल. संबंध आहे, आणि तो विमानाच्या पंखावर रंगविलेल्या एका लहानशा वर्तुळातून जातो. विमानाची हुबेहूब प्रतिकृती करणारा कारागीर ते वर्तुळ सर्वांत शेवटी रंगवितो. परंतु ते कोणते असावे, याचा निर्णय त्याला सर्वांत आधी घ्यावा लागतो. कारण ते विमान कोणाचे, कोणत्या वर्षीचे आणि कोणत्या आघाडीवरचे, हे सारे त्या वर्तुळावर ठरते.

विमानांच्या लहान प्रतिकृती करण्याचा छंद पोरखेळ म्हणून सोडून देण्याजोगा नाही. १९३२ साली इंग्लंडात ‘स्कायबर्ड्‌स’ या नावाने लाकडी प्रतिकृतींचे संच विकावयास निघाले आणि त्यांनी एकास बहात्तर हे प्रमाण रूढ केले. खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे प्रतिकृतीतला एक इंच, असा हा सोपा हिशेब आहे. सहा फूट उंचीचा धिप्पाड वैमानिक या सृष्टीत जेमतेम इंचभर उंच होतो! १९३६ साली याच प्रमाणाचे प्लॅस्टिकचे संचही बाजारात आले. तोवर हा सारा हौसेचाच मामला होता.

युद्धाने त्याला निराळेच गांभीर्य आणले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने युद्ध पुकारले आणि अवघ्या तीनच दिवसांनी, ६ सप्टेंबरला, टेम्सच्या मुखाजवळच्या आकाशात एक दारुण घोटाळा झाला. शत्रू आला अशी खोटी वर्दी मिळाली. ब्रिटिश विमाने चहूंकडून झेपावली. आणि स्पिटफायर विमानांनी आपल्याच बाजूची दोन हरिकेन विमाने शत्रूची समजून पाडली. एक तरुण वैमानिक त्यात प्राणास मुकला. जर्मन विमान तेथे एकही नव्हते. ज्या स्पिटफायरची पुढे जगभर कीर्ती झाली, त्याने पाडलेले पहिले विमान स्वकीयांचे असावे, ही इतिहासाची क्रूर थट्टा होय.

आकाशातील ठिपका आपला की परका, हे क्षणार्धात ओळखण्याची विद्या शिकविण्यासाठी मग लहान प्रतिकृतींचा उपयोग होऊ लागला. १९४२ च्या आरंभी अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील विद्यार्थ्यांकडे पन्नास प्रकारच्या विमानांच्या, प्रत्येकी दहा हजार, म्हणजे एकूण पाच लाख प्रतिकृती मागितल्या. प्रमाण तेच, एकास बहात्तर. अशी प्रतिकृती पस्तीस फुटांवर टांगली, की ती सुमारे अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसते. शिकाऊ तोफचीने तिच्याकडे पाहावयाचे आणि तत्काळ नाव सांगावयाचे. शाळकरी मुलाने कानस एक ओढ अधिक मारली, तर पंखाचा आकार बदलणार आणि तोफचीचा डोळा चुकीचे शिकणार. अचूकपणाला असे मोल आले.

महाराष्ट्रातील कारागिराने त्या युद्धातील कोणते विमान निवडावे? पहिला मोह अर्थातच स्पिटफायरचा. रेजिनल्ड मिचेल यांच्या हाताखाली तयार झालेले हे विमान ५ मार्च १९३६ रोजी प्रथम उडाले. पुढच्याच वर्षी मिचेल निवर्तले. आपल्या विमानाचा पराक्रम पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. या विमानाशी मुंबईचे नावही जोडलेले आहे. युद्धनिधीला दिलेल्या देणग्यांचे स्मरण म्हणून ब्रिटिश हवाई दलातील कित्येक पथकांना देणगी देणाऱ्या प्रांतांची, शहरांची व संस्थानांची नावे देण्यात आली. १२४ व्या पथकाला बडोद्याचे नाव मिळाले आणि १३२ वे पथक ‘सिटी ऑफ बॉम्बे’ म्हणून ओळखले जाऊ लागले. जुलै १९४१ मध्ये हे पथक स्पिटफायर विमानांनिशी नव्याने उभे राहिले, १९४४ च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरून लढले, मग पूर्वेकडे आले आणि एप्रिल १९४६ मध्ये हाँगकाँग येथे विसर्जित झाले.

मुंबईचा आणि स्पिटफायरचा आणखी एक संबंध दुःखद आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ज्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्या जहाजावर इंग्लंडहून निघताना दारूगोळा, सोने इत्यादींबरोबर पेट्यांत बंद केलेली स्पिटफायर विमानेही चढविलेली होती. खरी विमानेसुद्धा अशी सुटी करून, पेटीत घालून पाठवीत आणि मुक्कामी पोहोचल्यावर जुळवीत. आज दुकानात मिळणारा संच उघडून बसलेला मुलगा करतो, ते काम मुळात बंदरातील व विमानतळावरील कामगारांनी केलेले आहे.

तथापि मुंबईचे नाव धारण करणारे ते पथक ब्रिटिश हवाई दलाचे होते. पैसा येथला, नाव येथले. परंतु ध्वज, हुकूम आणि धोरण तिकडचे. ज्या देशाला स्वतःच्या राज्यकारभाराचा अधिकार नव्हता, त्या देशाच्या एका नगरीचे नाव विमानांच्या पथकाला शोभेसाठी लाभले होते. भारतीय हातांनी चालविलेले विमान हवे असेल, तर कारागिराला निराळ्या आकाराकडे वळावे लागते. तो आकार हरिकेनचा.

हरिकेनची कुळकथा कोणाही सुताराच्या मुलाला अभिमान वाटावा अशी आहे. त्याचे रचनाकार सिडनी कॅम हे विंडसर येथील एका सुताराचे पुत्र. चौदाव्या वर्षी शाळा सोडून त्यांनी सुतारकामाची उमेदवारी धरली, आणि तरुणपणी ते विमानांच्या लहान प्रतिकृती करून विकीत असत. हातातील लाकडी पाखराने त्यांना खऱ्या विमानापर्यंत नेले. ६ नोव्हेंबर १९३५ रोजी हरिकेन प्रथम उडाले. त्याच्या अंगावर सुताराच्या हाताची खूण स्पष्ट दिसते. धडाचा पुढचा भाग धातूच्या पत्र्याचा. परंतु पाठीमागच्या भागात धातूच्या सांगाड्यावर लाकडी चौकटी व पट्ट्या बसवून वर कापड ताणलेले असे. त्यामुळे वैमानिकाच्या पाठीमागे विमानाच्या कुशीवर बरगड्यांसारख्या रेषा उमटत.

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर चार वापिती विमानांनिशी पहिले पथक उभे राहिले. अकरा वर्षांनी, १९४४ साली, हेच पथक अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली इंफाळच्या वेढ्यात हरिकेन विमाने घेऊन लढत होते. जपानी सैन्याने रस्ते तोडले होते. रानात दडलेल्या शत्रूच्या हालचाली हेरणे, छायाचित्रे घेणे आणि प्रसंगी खाली झेपावून मारा करणे, हे या विमानांचे काम. आराकानच्या बाजूला मेहेरसिंग यांचे सहावे पथक हीच कामगिरी करीत होते, त्यांना डी. एस. ओ. हा बहुमान मिळाला. त्या महायुद्धात भारतीय हवाई दलाच्या दुसऱ्या कोणाही अधिकाऱ्याला तो लाभला नाही. १९४० साली दलात शिरलेले महाराष्ट्रीय अधिकारी हृषीकेश मुळगावकर यांना पुढे काश्मीरमधील हवाई कामगिरीबद्दल महावीर चक्र मिळाले, आणि १९७६ ते १९७८ या काळात ते हवाई दलाचे प्रमुख होते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळावे. हरिकेनचा पंखविस्तार चाळीस फूट. एकास बहात्तर प्रमाणात तो सुमारे पावणेसात इंच होतो. लांबी सव्वाबत्तीस फूट; ती सव्वापाच इंचांहून किंचित अधिक भरते. पूर्वीचे कारागीर हलक्या लाकडातून कोरूनच प्रतिकृती करीत. सावंतवाडीची खेळणी ज्या पांगाऱ्याच्या लाकडाची होत आली, तेही या कामाला उत्तम; ते हलके असते आणि चाकूला आडवे येत नाही. प्रथम ठोकळ्यावर बाजूची आकृती उतरवावयाची आणि तेवढा भाग कापावयाचा. मग वरची आकृती उतरवून पुन्हा कापावयाचे. असा चौकोनी धडाचा आकार हाती आला, की पुठ्ठ्याचे साचे ठिकठिकाणी लावून पाहत तो गोलाईला आणावयाचा. साचा आणि लाकूड यांमधून उजेड दिसेनासा होईपर्यंत हात थांबवू नये.

पंखांत चूक होण्याचा संभव फार. स्पिटफायरचा पंख लंबवर्तुळाकार व पातळ. हरिकेनचा जाड आणि टोकांशी गोलसर. हरिकेनच्या पंखाचा मधला भाग सपाट असून त्याबाहेरचे भाग टोकांकडे किंचित उचललेले असतात. संपूर्ण पंखच मधोमध वाकविला, तर विमान दिसते चांगले. पण ते हरिकेन राहत नाही. चाकांचेही तसेच. हरिकेनची चाके आतल्या बाजूस मिटतात, म्हणून उभे असताना त्याचा पवित्रा रुंद व भक्कम दिसतो. स्पिटफायरची चाके बाहेरच्या बाजूस मिटतात व त्याचे पाय जवळजवळ असतात. खडबडीत धावपट्ट्यांवर हरिकेनला या रुंद पवित्र्याचा फार उपयोग झाला. तेव्हा चाकांतील पाव इंचाचे अंतर हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. विमान कोठे उतरू शकत होते याचा तो पुरावा आहे.

जोडकाम झाले, सांध्यांत लांबी भरली, पॉलिशकागदाने सारे अंग गुळगुळीत केले, की पाठीमागच्या कापडाच्या बरगड्या हलक्या हाताने उठवावयाच्या. त्यानंतर रंग. वरून गडद हिरव्या व मातकट रंगांचे पट्टे, म्हणजे रानावरून जाताना विमान वरून दिसू नये. खालून करडा, म्हणजे ते ढगांत मिसळावे. आणि सरतेशेवटी ते वर्तुळ.

ब्रिटिश विमानांवरील नेहमीच्या वर्तुळात मध्यभागी तांबडा ठिपका असे. युरोपात ते ठीक होते. परंतु पूर्वेकडील आघाडीवर शत्रूच्या विमानांवर तांबड्या सूर्याचे चिन्ह होते. घाईच्या क्षणी तांबडे दिसले की गोळी सुटावयाची! टेम्सकाठी झालेला घोटाळा ब्रह्मदेशात पुन्हा होऊ नये, म्हणून तेथील विमानांच्या चिन्हांतून तांबडा रंग काढून टाकण्यात आला. इंफाळवरून उडणाऱ्या हरिकेनवर म्हणून गडद निळ्या कड्यात फिकट निळा ठिपका, एवढेच वर्तुळ असे. एकास बहात्तर प्रमाणात ते पुष्कळदा मसुरीच्या दाण्याएवढे भरते. ज्याने तेथे तांबडा ठिपका दिला, त्याने नकळत ते विमान इंफाळहून उचलून इंग्लंडात नेऊन ठेवले.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर काश्मीरच्या रक्षणासाठी भारतीय वैमानिकांनी स्पिटफायर विमाने श्रीनगरला नेली. पूर्वी ज्या विमानाला मुंबईचे केवळ नाव मिळाले होते, ते विमान आता भारताच्या हुकमाने उडू लागले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत भारतीय विमानांच्या पंखांवर नवे वर्तुळ आले. पांढऱ्यावर निळे अशोकचक्र. पुढे प्रजासत्ताकाच्या काळात त्याची जागा केशरी, पांढऱ्या व हिरव्या रंगांच्या वर्तुळाने घेतली, आणि हवाई दलाच्या नावातील ‘रॉयल’ हा शब्दही २६ जानेवारी १९५० पासून गळाला.

तेच इंजिन, तेच पंख, त्याच तोफा. पण वर्तुळ बदलले आणि विमानाचा धनी बदलला. मसुरीएवढ्या जागेत एका राष्ट्राचे पारतंत्र्य आणि स्वातंत्र्य मावते ते असे. मृगया सोडून माणसांच्या भेटीस निघालेल्या राजाचे चक्र युद्धविमानाच्या पंखावर यावे, यात विसंगती आहे, असे कोणी म्हणेल. ते खोटे नाही. परंतु शस्त्र हाती घ्यावे लागले, तरी ते कोणत्या मर्यादेत धरावयाचे, याची आठवण त्या चक्राइतकी दुसरी कोणती खूण देऊ शकली असती?

गास-सोपाऱ्याच्या परिसरात एखादा मुलगा आज पडवीत बसून असे विमान जुळवू लागला, तर त्याला एवढेच सांगावे: पंख घासण्यास घाई करू नकोस, आणि वर्तुळ रंगविण्यापूर्वी भुईगावच्या दगडाची गोष्ट एकदा कोणाकडून तरी ऐकून ये.